कंपासचं भोक

त्या पानावर सत्तेचाळीस भोकं होती आणि ती सगळी मी बुजवली. सुई-डिंक घेऊन नाही. रोज जर्सी सिटीहून गाडीनं मॅनहॅटनला जाऊन, ऑफिसच्या खुर्चीत बसून, कागदी पेल्यातला पांचट चहा पीत, प्रोग्रॅम लिहून बुजवली. वर त्याबद्दल टाळ्याही घेतल्या. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या आगीत मी बऱ्याच जणांना ओढते, पण पहिला नंबर माझा असतो.

पान पाचशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं. कुण्या चित्रकाराच्या कागदांचा चौदा पानांचा गठ्ठा होता, त्यातलं नववं. त्या काळचा चित्रकार म्हणजे नुसता रंगवणारा नव्हे. तोच भूमिती करायचा, तोच घुमट आखायचा, जिना किती पायऱ्यांत वळवायचा त्याचं गणितही तोच मांडायचा. गठ्ठ्यावर नाव नव्हतं. एका पानावर गोल चर्चचा आराखडा, एकावर खांबाचा माथा आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत त्याची मापं. नवव्या पानावर पंचकोनी बाजूंचा एक घनाकार होता, आतून पोकळ, नुसत्या कडांचा. आपल्याकडे दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील करतात, त्याला कागद चिकटवायच्या आधी तो जसा दिसतो तसा. मी त्याला मनातल्या मनात कंदीलच म्हणायचे.

मी ज्या ग्रंथालयात कंत्राटावर काम करत होते तिथे हा गठ्ठा एका खाजगी मालकाकडून फक्त फोटो काढण्यापुरता आला होता. फोटो काढणारे वेगळे. ते पान सपाट मांडायचे, चारी बाजूंनी आळीपाळीनं तिरपा उजेड टाकायचे आणि फोटो घ्यायचे. तिरप्या उजेडात कागदावरचा साधा ओरखडासुद्धा सावली टाकतो. या मूळ फोटोंना आम्ही ‘रॉ’ म्हणायचो. रॉ माझ्याकडे यायचे आणि मी ते स्वच्छ करायचे. पिवळे डाग काढायचे, पानाला पडलेली वळी सरळ करायची, कसरीनं खाल्लेल्या जागा भरायच्या, काळे ठिपके पुसायचे. मग ती स्वच्छ पानं वेबसाइटवर, एका जाडजूड पुस्तकात आणि प्रदर्शनाच्या भिंतीवर जायची. मूळ कागद मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही काचेआडून. नंतर गठ्ठा मालकाकडे परत गेला. मालकानं तो कुठल्याशा तिजोरीत ठेवला आणि कुणालाही दाखवायला नाही म्हणून सांगितलं.

आमची विभागप्रमुख उंच, हसरी बाई होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “बघणाऱ्याच्या वाटेत काही यायला नको. फक्त रेषा दिसू दे.” मला ते फार पटलं. का पटलं हे सांगायचं तर मला माझ्याच अठरा वर्षांच्या रूपाकडे जावं लागेल, आणि ती मुलगी मला मुळीच आवडत नाही.

घाटावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते. ड्रॉइंगच्या सरांचं एकच पालुपद: शीट स्वच्छ पाहिजे. घामाचा डाग चालायचा नाही, रबराचा कीस चालायचा नाही, खोडलेली रेघ तर मुळीच नाही. आम्ही तळहाताखाली रुमाल घेऊन रेघा मारायचो. एक शीट नीट काढायची तर दोन दिवस मोडायचे आणि सबमिशनला शिटा असायच्या दहा-बारा. तेव्हा अर्धं हॉस्टेल जीटी मारायचं. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. एखादीनं खपून काढलेली शीट खिडकीच्या काचेला चिकटवायची, तिच्यावर आपला कोरा कागद लावायचा, आणि मागून ऊन आलं की दिसतील त्या रेघा निमूटपणे गिरवायच्या. आमची खोली पश्चिमेची. चार वाजले की आमच्या खिडकीला रांग लागायची. महाराष्ट्रात इंजिनिअर झालेल्या कुणालाही शपथ घालून विचारा, जीटी न मारलेला माणूस सापडला तर मला कळवा.

सर मात्र पक्के होते. शीट हातात आली की आधी ती उजेडाकडे धरायचे आणि वर्तुळाच्या मध्यावर कंपासच्या टोकाचं भोक आहे का बघायचे. भोक नाही म्हणजे वर्तुळ काढलेलं नाही, गिरवलेलं आहे. मग लाल पेन्सिलनं मोठ्ठं ‘जीटी’ लिहून शीट परत. यावर आम्ही तोडगा काढला. गिरवून झालं की कंपास घ्यायचा आणि प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर टच्चकन टोचायचा. माझा हात स्थिर, म्हणून खोलीतल्या चौघींच्या शिटांवर मीच टोचून द्यायचे. त्याचा मला अभिमान वाटायचा. चोर तो चोर वर शिरजोर.

एकदा सरांनी माझी शीट उजेडाकडे धरली, मग टेबलावर पसरली आणि खणातून भिंग काढलं. सगळा वर्ग बघत होता. सर म्हणाले, “इथे कंपास फिरलेलाच नाही. नुसता टोचलाय.” मग त्यांनी मला भिंगातून दाखवलं. कंपास फिरला की टोक कागदात घुमतं, भोकाची कड झिजून गोल होते, भोवती बारीकसा कंगोरा उठतो. नुसतं टोचलं की भोक अरुंद आणि सरळ. “अकलेचे तारे तोडलेत,” सर म्हणाले आणि साठ पोरांचा वर्ग फिदीफिदी हसला. मला सगळ्या शिटा पुन्हा काढाव्या लागल्या.

यातून माणसानं काय शिकावं? फसवू नये, हे. मी काय शिकले? भोक दिसलं की अपमान होतो, हे. सरांवरचा राग मी पुढची पंचवीस वर्षं जपला आणि त्यांचं ‘शीट स्वच्छ पाहिजे’ मात्र बिनतक्रार अंगी लावून घेतलं. भिंग सोडलं आणि रबर उचललं. अमेरिकेत माझ्या कामाची स्तुती व्हायची ती याच एका गोष्टीसाठी. क्लीन कोड, क्लीन स्क्रीन, क्लीन डेटा.

तर नववं पान. मला कळलं नव्हतं असं नाही, खोटं कशाला बोलू? कंदिलाच्या डाव्या अंगाला, चित्रापासून जरा बाहेर, एक काळा ठिपका होता. माझा प्रोग्रॅम ठिपके मोठ्याकडून लहानाकडे घ्यायचा, आणि हा त्या पानावरचा सगळ्यांत मोठा, म्हणून यादीत पहिला. पडद्यावर पाहिल्याबरोबर माझ्या बोटांना तो ओळखू आला. कंपास! सरांचं भिंग आठवलं. पण फिरलेलं की टोचलेलं हे बघायला मी थांबलेच नाही. वर गंमत म्हणजे, विभागाच्या बैठकीत दाखवायला मला एक ठळक डाग हवा होता, तर मी तोच निवडला. पडद्यावर आधीचं चित्र, मग नंतरचं. आधी ठिपका, मग कोरा कागद. टाळ्या पडल्या. विभागप्रमुख म्हणाली, जादू आहे तुझ्या हातात. मी मान खाली घालून हसले. आपल्या बायका कौतुक झालं की हसतात तसं.

पुढे तो स्वच्छ कंदील ग्रंथालयाच्या दुकानात मगांवर आणि कापडी पिशव्यांवर छापून विकायला आला. मीही एक मग घेतला.

वर्षभरानं एका मुलीचा मेल आला. फोटोंबद्दलचे तांत्रिक प्रश्न माझ्याकडे यायचे, आणि मी उत्तर पाठवलं तेव्हा खालचं आडनाव पाहून तिनं दुसरा मेल सरळ मराठीत लिहिला. नागपूरची मुलगी, आर्किटेक्चर करून इथे जवळच्याच एका युनिव्हर्सिटीत पीएचडीला आलेली. विषय हाच गठ्ठा. मी तिला ग्रंथालयासमोरच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं. आली ती पाठीवर लांबलचक ड्रॉइंग ट्यूब लटकवून, केसात पेन्सिल खोचून. बसल्या बसल्या तिनं ट्यूबमधून एक जुना कृष्णधवल फोटो काढला. फार वर्षांपूर्वी गठ्ठा विकायला निघाला होता, तेव्हाच्या माहितीपुस्तकातला.

“ताई, हे बघा नं. या फोटोत कंदिलाच्या आसपास ठिपके दिसून राहिले. तुमच्या वेबसाइटवर एकही नाही. यातलं खरं कोणतं?”

कंदील हा शब्द तिनंही वापरला. मी काही सुचवलं नव्हतं.

मग तिनं मला तिचं म्हणणं सांगितलं. मोठमोठ्या पंडितांचं मत असं की हा गठ्ठा कुण्या नकलाकाराचा आहे, कुठल्या तरी मोठ्या माणसाच्या कागदांची हुबेहूब नक्कल. हिचं म्हणणं, नाही. ज्यानं हे काढलं त्यानं ते स्वतः सोडवत सोडवत काढलं. पुरावा काय, तर ते ठिपके. ती कंपासची भोकं असतील, आणि कंपास तिथे खरंच फिरला असेल, तर तो माणूस विचार करत होता. तिच्या परीक्षकांतले एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणत होते, ते ठिपके जुन्या छपाईचा दोष आहेत, ग्रंथालयाचे फोटो बघ, किती स्वच्छ आहेत! तीन वर्षांचं काम त्या एका वाक्यावर अडकलं होतं. पुरावा नाही तर विषय नाही, विषय नाही तर फेलोशिप नाही, आणि फेलोशिप नाही तर नागपूरचं तिकीट.

“मूळ फोटो असतीलच नं तुमच्याकडे? मला फक्त नववं पान दाखवा, ताई. बस्स.”

मूळ फोटो होते. आणखी पाच आठवडे होते. काम संपल्यावर ठरावीक मुदतीनं रॉ पुसून टाकायचे, जागा व्यापतात म्हणून, असं कंत्राटातच लिहिलेलं. पुसणारी आज्ञाही मीच लिहून ठेवली होती, तारखेसकट. तारीख उजाडली की ती आपोआप चालणार आणि त्या ठिपक्यांचं या जगातलं शेवटचं स्पष्ट चित्र जाणार. हे सगळं मला त्या टेबलाशी बसल्या बसल्या माहीत होतं. आणि मी म्हणाले, “बघते.”

या ‘बघते’चा मला जेवढा संताप येतो तेवढा कशाचाच येत नाही. आपण मराठी माणसं तोंडावर नाही म्हणत नाही. बघतो म्हणतो. वधूपित्याला बघतो, घर मागणाऱ्या भाडेकरूला बघतो, मदत मागायला आलेल्या भाच्याला बघतो. समोरचा समजायचं ते समजतो आणि दोघांचीही अब्रू झाकली राहते. पण ही पोर परक्या देशात एकटी होती आणि तिनं माझ्या ‘बघते’चा अर्थ बघते असाच घेतला. जाताना माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला मधेच धरलं. तिला वाटलं प्रेमानं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू गप्प बस. ग्रीन कार्ड लाइनमध्ये आहे, माझं वर्क परमिट तुझ्या व्हिसावर आहे, आणि तू मॅनेजरला जाऊन सांगणार की मी घोळ घातला? यार, कागदावरची भोकं आहेत ती!”

“भोकं नाहीत ती,” मी म्हणाले.

“मग काय आहे?”

बारा वर्षांची लेक त्याच कंदिलाच्या मगातून दूध पीत होती. मी तिच्या हातातून मग हिसकावून घेतला. ती डोळे विस्फारून म्हणाली, “आई! इट्स जस्ट अ मग!” दूध ओट्यावर सांडलं आणि मी ते पुसताना रडले. रडले ते दुःखानं नव्हे. मी चिडले की रडते, आणि लोक समजतात मी हळवी आहे. त्याचाही मला राग येतो.

विभागप्रमुखाकडे मी गेले ते तीन आठवड्यांनी. लाज वाटते सांगायला, पण तीन आठवडे. तोवर मुलीचे चार मेल आले होते आणि चारही वेळा मी उत्तर दिलं होतं, विचारून सांगते. मी कुणालाही विचारलं नव्हतं. शेवटी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

“ताई, माझी आई म्हणते, बघते म्हणाल्या म्हणजे नाही म्हणाल्या. खरं आहे का? असेल तर स्पष्ट सांगा. परवा कमिटी आहे, मी टॉपिक बदलून टाकते. मला राग नाही येणार.”

तिला येणार नव्हता, मला आला. नागपुरात बसलेल्या एका बाईनं, मला कधी न पाहता, आठ हजार मैलांवरून मला अचूक ओळखलं होतं. मी म्हणाले, “बदलू नको. कमिटी पुढे ढकल.” आणि फोन ठेवून तशीच विभागप्रमुखाच्या खोलीत शिरले.

मी सगळं सांगितलं. ठिपके घाण नव्हते, काम होतं. ते मी पुसले. रॉ मधून ते परत दिसतील. एका विद्यार्थिनीला ते हवे आहेत. ती नेहमीसारखी हसत ऐकत होती. म्हणाली, “पण ती भोकं म्हणजे कागदाचं नुकसान आहे. आपण नुकसान दाखवत नाही.” मी म्हटलं, ते नुकसान नाही, तिथे त्यानं कंपास टेकला होता. ती म्हणाली, “बघणाऱ्याला फरक पडत नाही. आणि पुस्तक छापून झालंय.” मग थोडं पुढे झुकून, मला समजावत असल्यासारखं, “तूच तर हे इतकं सुंदर केलंस.”

माझं डोकं फिरलं. तिला कळलं तरी असेल का, ठाऊक नाही, कारण मी आवाज चढवलाच नाही. मी म्हणाले, “मी सुंदर केलं नाही. मी शहाणपणा केला. माझ्या सरांनी एका शिटेसाठी मला वर्गासमोर उभं केलं होतं, आणि तुम्ही चौदा शिटांसाठी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात.” तिला यातलं अक्षरही समजलं नाही. म्हणाली, विनंती लेखी दे, पुढच्या तिमाहीत समितीसमोर ठेवू. पुढच्या तिमाहीत! रॉ त्याच महिनाअखेरीला पुसले जाणार होते. म्हणजे तिचंही ते ‘बघते’च. भाषा निराळी, एवढंच.

मी जागेवर आले. दुपारचे दोन वाजले होते, खिडकीतून समोरच्या काचेच्या इमारतीवरचं ऊन टेबलावर पडलं होतं. मी डबा उघडला नाही. चुकांची नोंद करायची आमची एक यादी असते, कुणालाही लिहिता येते, लिहिलेलं ग्रंथालयातल्या सगळ्या विभागांना दिसतं. आणि ज्या फोटोंवर चूक नोंदली आहे ते फोटो, चूक मिटेपर्यंत, कुणालाच पुसता येत नाहीत. हा नियम त्यांचाच. मला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता, म्हणूनच तर एवढी चिडले होते. तीन आठवडे चावी माझ्याच पर्समध्ये होती.

मी लिहिलं: या गठ्ठ्याच्या चौदाही पानांवरून कंपासची आणि टोचण्याची भोकं काढून टाकलेली आहेत. ती कागदावर आहेत. ती काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला. काढताना त्यातलं एक तरी भोक कंपासचं आहे हे मला माहीत होतं. वेबसाइटवरच्या आणि पुस्तकातल्या चित्रांवर विसंबून या कागदांबद्दल कुणी काही ठरवू नये. खाली त्या मुलीची विनंती जोडली आणि सही केली. ‘मला माहीत होतं’ हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. मग पुसण्याची ती आज्ञा बंद केली.

पुढचं सगळं झटपट झालं. ग्रंथालयातल्या वरिष्ठांनी विभागप्रमुखाला फोन केले, विभागप्रमुखानं माझ्या कन्सल्टन्सीला, म्हणजे मला नोकरीवर ठेवून तिथे कंत्राटावर पाठवणाऱ्या कंपनीला, फोन केला, आणि कन्सल्टन्सीनं मला फोन केला. तिथला मॅनेजर आपलाच, ठाण्याचा. म्हणाला, “मॅडम, चूक झाली तर सायलेंटली फिक्स करायची ना? लिहून कशाला दिली? तेही माहीत होतं म्हणून?” मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. प्रोजेक्ट गेला, आठवड्याभरात नोकरी गेली. दारातल्या सुरक्षारक्षकानं माझं ओळखपत्र मागून घेतलं. व्हिसाच्या नियमानं आता नवी नोकरी शोधायला माझ्याकडे साठ दिवस होते, नाहीतर तिघांनी सामान बांधायचं. नवरा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं चहा करून पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “निदान माहीत होतं एवढं तरी लिहायचं नव्हतंस.” यावर मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्याजोगं नाही.

ग्रंथालयाला रॉ दाखवावे लागले. मुलीला वाचनखोलीत बसून, त्यांच्याच पडद्यावर, नेमून दिलेल्या वेळात. त्या दिवशी मी घरात बसूच शकले नाही. नदीकाठच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. पलीकडे मॅनहॅटन नेहमीसारखं चकचकीत उभं होतं, पुसून ठेवल्यासारखं. मला त्याच्याकडे बघवेना. तिला मी आदल्या दिवशी फोनवर सगळं समजावलं होतं. टोचलेलं कसं दिसतं, फिरलेलं कसं दिसतं, कड कशी झिजते, कंगोरा कुठे उठतो. सरांनी मला दाखवलं होतं तसंच, त्यांच्याच शब्दांत. बोलता बोलता लक्षात आलं की मी सरांसारखीच खेकसतेय.

चारच्या सुमारास तिचा फोन आला.

“ताई, टोचलेली आहेत,” ती म्हणाली.

मी कठड्याला धरलं. “किती?”

“बेचाळीस कोपऱ्यांवर. सरळ, आरपार. वरून दुसरा कागद ठेवून टोचलीत, आणि मग ठिपके जोडलेत. चार तर चित्राच्या मध्यात आहेत, तिथून काहीच काढलेलं नाही. उगाच टोचून ठेवलीत. ती कशाला केली असतील, काही समजून नाही राहिलं.”

मला समजलं. मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं हसले; एक धावणारा माणूस दचकून बाजूला झाला. पाचशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी कार्यशाळेत कुणी पोरगा होता, त्याच्या उस्तादाला उजेडाकडे कागद धरायची सवय होती, आणि त्या पोराचा हात माझ्याइतकाच स्थिर होता. जीटी. पंडितांचंच खरं होतं. जीटीच्या एका पानापायी मी नोकरी घालवून बसले होते. आणि मग हसू ओसरलं, कारण तिची तीन वर्षं आठवली.

“म्हणजे तुझा मुद्दा गेला,” मी म्हणाले.

“एक राहिलंय नं, ताई. सत्तेचाळिसावं. ते फिरलेलं आहे. कड पूर्ण झिजलीय, दोन-तीनदा फिरवलाय त्यानं कंपास. आणि ताई, ते चुकीच्या जागी आहे. मी मोजून पाहिलं. तिथून वर्तुळ काढलं तर कंदील बसतच नाही. म्हणजे त्यानं सगळं गिरवलं, पण एकदा, एकाच ठिकाणी, स्वतः सोडवून बघायला गेला. जमलं नाही. मग सोडून दिलं.” ती एका दमात बोलत होती. “गाइडना आत्ताच फोन केला. म्हणाले, नक्कल की अस्सल हा प्रश्नच टाकून दे, हे भोक लिही. हाच प्रबंध.”

मी विचारलं, “कुठे आहे ते?”

“डावीकडे. चित्राच्या जरा बाहेर. पानावरचं सगळ्यांत मोठं आहे, दिसायलाच पाहिजे असं. तुम्हाला आठवतं का?”

“आठवतं,” मी म्हणाले. “सगळ्यांत आधी मी तेच पुसलं.”